संध्याकाळची भूक: पुडा, टपरी आणि घरची चूल

दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्या मधल्या खाण्यावर गेल्या दहा वर्षांत जेवढी चर्चा झाली, तेवढी खुद्द जेवणावरही झाली नसेल. सर्वोच्च न्यायालयात पुड्यावरच्या लेबलाचा खटला चालला. शाळेच्या फाटकापासून किती मीटरवर काय विकायचं, याचा नियम निघाला. समोशाला इशारा लावणार की नाही, यावरून आठवडाभर बातम्या झाल्या. आणि मराठी घरांमध्ये तर मधल्या वेळी खावं की खाऊच नये, या मुद्द्यावर दोन उघड पक्ष पडले. या वादात कोण काय म्हणतं आणि घोडं कुठे अडलंय, ते या लेखात पाहायचं आहे. पाहण्याची जागा म्हणून लांजा तालुका घेतला आहे. लांजा मुंबई-गोवा महामार्गावर, रत्नागिरी आणि राजापूर यांच्या मधे आहे. कोकण रेल्वेची विलवडे आणि आडवली ही स्थानकं याच तालुक्यातली. रस्त्याकडेला वडापाव, भजी आणि पुड्यांच्या माळा, तर आत झापडे, भांबेड, साटवली, माचाळ अशा गावांत भात, नाचणी, फणस आणि काजू. घरचं आणि विकतचं इथे हाताच्या अंतरावर असतं. त्यामुळे शहरातल्या चर्चेत जे निसटतं, ते इथे दिसतं.

बेगमीच्या डब्यांपासून पाच रुपयांच्या पुड्यापर्यंत

कोकणातल्या घरात मधल्या वेळचं खाणं नव्हतंच, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. सकाळी न्याहारीला पेज किंवा भाकरी, दुपारी भात आणि दिवेलागणीच्या सुमाराला मुलांच्या हातावर काहीतरी ठेवायचंच, अशी पद्धत होती. ते काहीतरी म्हणजे नाचणीच्या भाकरीचा चतकोर आणि गूळ, ओलं खोबरं घालून कालवलेले पोहे, उकडलेलं रताळं, पावसात भाजलेल्या आठळ्या. त्याखेरीज हंगामात रानातली करवंदं, जांभळं आणि काजूची बोंडं मुलं आपली आपण मिळवत.

याच्या जोडीला असायची बेगमी. मे महिन्यात अंगणात फणसपोळी, आंबापोळी, पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया, सांडगे वाळत पडायचे. काप्या फणसाचे गरे चिरून तळले जायचे. आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवल्या जायच्या, त्या श्रावणापर्यंत पुरायच्या. पावसाळ्याचे चार महिने जे आयतं खाणं लागे, ते उन्हाळ्यातच करून ठेवलेलं असे. आजच्या वादात ही गोष्ट फार क्वचित येते, आणि मला तर तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढचं काहीच नीट उलगडत नाही. आयत्या खाण्याची गरज नवी नाही. पूर्वी ते घरातल्या बायका आगाऊ कष्ट करून तयार ठेवत, आज ते कारखाना तयार ठेवतो.

मधला प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. आधी आली बेकरी, आणि तिच्याबरोबर चहात बुडवायची खारी, टोस्ट, बटर. मग मुंबईचा वडापाव. १९६६च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. चाकरमान्यांबरोबर तो कोकणात उतरला आणि महामार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर स्थिरावला. १९८०च्या दशकात दोन मिनिटांच्या नूडल्स आल्या. त्यानंतर आला तो खरा मोठा बदल, छोट्या पुड्याचा. पाच आणि दहा रुपये ही किंमत कंपन्यांनी धरून ठेवली, महागाई वाढली तशी आतलं वजन कमी केलं. मुलाच्या हातात पडणाऱ्या नाण्याला बसेल अशी ही मांडणी होती. माचाळसारख्या डोंगरातल्या गावापर्यंत भाजीची गाडी रोज जाईलच असं नाही, पण पुड्यांची माळ जाते.

हा बदल सरकारी आकड्यांतही दिसतो. केंद्राच्या घरगुती खर्च पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतातल्या माणसाच्या महिन्याच्या खर्चातला ४.१९ टक्के भाग पेयं, बाहेरचं खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर जात होता. २०२२-२३ मध्ये तो ९.६२ टक्के झाला, २०२३-२४ मध्ये ९.८४ टक्के. याच काळात धान्यावरचा वाटा २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास उतरला. म्हणजे गावातलं घरसुद्धा आज तांदूळ-गव्हापेक्षा या खाण्यावर जास्त पैसे खर्च करतं. या आकड्यात टपरीवरचा चहा, खानावळीतलं ताट आणि वेफर्स सगळं एकत्र आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

अपाय किती सिद्ध आहे

पुड्यातलं खाणं वाईट, हे आता सगळेच म्हणतात. ते कशामुळे वाईट, यावर मात्र अभ्यासकांत दोन मतं आहेत.

पहिलं मत जुनं आणि सरळ आहे: मीठ, साखर आणि चरबी जास्त, म्हणून अपाय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका काढली. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भाग चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असा अंदाज तिच्यात दिला आहे. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका, हे तिचं सांगणं. याच परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं आढळलं. सर्वांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात होतं, २६.४ टक्के.

दुसरं मत ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस माँतेरो यांच्या गटाने २००९ पासून मांडलं. त्यांच्या मते घटक मोजून भागत नाही, पदार्थावर किती आणि कसली प्रक्रिया झाली तेही पाहायला हवं. ज्यात घरच्या स्वयंपाकघरात कधीच नसणारे घटक पडतात, तो अतिप्रक्रियायुक्त पदार्थ. या मताला मोठा आधार मिळाला तो अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा. २० माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं ताजं अन्न दिलं. ताटात समोर ठेवलेली साखर, मीठ, चरबी, चोथा दोन्हीकडे जुळवून घेतले होते, खायला मुभा हवी तेवढी होती. पहिल्या प्रकारात माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले. प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा होता, ही त्याची मर्यादा टीकाकार दाखवतात आणि ती खरी आहे.

लांज्याच्या चहाच्या टेबलावर या दोन मतांनी वेगवेगळा निकाल लागतो. टपरीवरचा ताजा वडा पहिल्या मताने वाईट, कारण तळलेला आणि मैद्याच्या पावातला. दुसऱ्या मताने वडा तेवढा दोषी नाही, बटाटा आणि बेसन ही घरातलीच. दोष आहे तो चहाबरोबरच्या बिस्किटाचा. आणि आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकं उलटं मानतात. मुलाने वेफर्स खाल्ले की आई ओरडते, आणि त्याच मुलाला चहा-बिस्किट स्वतः देते. खारी, टोस्ट, बिस्किट यांना कुणी वाईट सवयीत धरतच नाही. एका कपात दोन चमचे साखर धरली तर तीन कपांतच मार्गदर्शिकेची दिवसाची मर्यादा ओलांडली जाते, हेही हिशेबात येत नाही.

नियम, लेबल आणि कर

कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं: सवय ही एकट्या माणसाच्या मनाची गोष्ट नाही. जे सगळीकडे लटकलेलं, स्वस्त आणि जाहिरातीत असतं तेच खाल्लं जातं. तेव्हा आधी आजूबाजूची परिस्थिती बदला.

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक अशा पदार्थांना मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयात २०१० मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेतून पुढे आलेला केंद्राचा नियम सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झाला आणि जुलै २०२१ पासून लागू झाला. जास्त चरबी, मीठ वा साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही.

नियम चांगला आहे. पण तालुक्याच्या गावात शाळा, बाजार आणि स्टँड एकाच रस्त्यावर असतात, आणि ५० मीटर म्हणजे मुलाची साठ-सत्तर पावलं. शिवाय मुलं खरेदी करतात ती एसटीची वाट पाहताना. आमच्याकडे शाळा सुटणं आणि गाडी येणं यांच्या मधला अर्धा-पाऊण तास हाच पुडा फोडण्याचा वेळ आहे. तो वेळ आणि ती जागा नियमाच्या कक्षेबाहेर पडते.

लेबलाचं भिजत घोंगडं तर किती वर्षं पडलं आहे. चिलीने २०१६ मध्ये पुड्याच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले आणि नंतर अनेक देश त्या वाटेने गेले. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये इशाऱ्याऐवजी ताऱ्यांचा मसुदा पुढे आणला: जास्त तारे, जास्त चांगलं. कार्यकर्त्यांचा आक्षेप असा, की तारा दिसला की ग्राहकाला शाबासकीच वाटते. उद्योगाचं म्हणणं, की काळा इशारा लावला तर आपले शेव-चिवडे आणि लोणचीसुद्धा गुन्हेगार ठरतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं आणि जुलैमध्ये मुदत वाढवून दिली.

त्याच जुलैमध्ये समोसा-जिलेबीचा गोंधळ झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत आणि संस्थांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं होतं. नागपूरच्या एम्सच्या निमित्ताने बातमी अशी पसरली, की वडापाव-समोशाला सिगारेटसारखा इशारा लागणार. विक्रेत्यांच्या पदार्थांवर असं काही लावायचं नाही, हे सरकारला जाहीर करावं लागलं. फलकाचा मूळ मुद्दा त्या गडबडीत हरवला, याचं वाईट वाटतं. एका वड्यात किती तेल असतं हे ठाऊक असणं वडेवाल्याच्याही विरोधात नाही.

कराच्या बाबतीत गाडी दोन दिशांना गेली. २०२४-२५च्या आर्थिक पाहणीने अतिप्रक्रियायुक्त पदार्थांबद्दल काळजी व्यक्त करून कठोर लेबल आणि जादा कराचा विचार मांडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा साखरेची बुडबुड्यांची पेयं ४० टक्क्यांच्या टप्प्यात राहिली, पण फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर आणि बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. घरखर्चाच्या दृष्टीने दिलासा, आरोग्याच्या दृष्टीने उलटा संकेत, अशी ही स्थिती आहे.

मधे खावं की खाऊच नये: दीक्षित आणि दिवेकर

मराठी घरांत हा वाद कायद्यापेक्षा जास्त रंगला तो दोन नावांभोवती. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली पद्धत गावोगाव नेली: कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण संपवा आणि मधे काही नको. त्यांचं कारण इन्शुलिनचं. प्रत्येक खाण्याबरोबर ते स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. ऋजुता दिवेकर यांचं सांगणं वेगळं. थोडं थोडं, ठरावीक अंतराने खा, उपाशी राहू नका, तूप टाळू नका, आणि आजीच्या स्वयंपाकघरातलं, आपल्या मातीतलं खा.

२०१८-१९च्या सुमाराला लग्नाच्या पंगतीतसुद्धा तुम्ही दीक्षित की दिवेकर, असं विचारलं जाई. दोन्ही बाजूंना वजन घटलेली, साखर आटोक्यात आलेली माणसं आहेत. मला यातला दुर्लक्षित राहिलेला भाग महत्त्वाचा वाटतो. पुडा दोघांनाही नको आहे. एकाने तो खाण्याची वेळच काढून टाकली, दुसऱ्या बाजूने त्या वेळेला घरचा पदार्थ दिला. वाढत्या वयाची मुलं, गरोदर बायका, इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारे लोक यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन जेवणांवर येऊ नये, हे मात्र ठामपणे सांगायला हवं.

सवय कशी सुटते, याबद्दल एक अभ्यास उपयोगी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावली, आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. मधला आकडा ६६ दिवसांचा आला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांत सवय बदला असं सांगणाऱ्यांनी हे वाचायला हवं. या अभ्यासात लोक सवय सोडत नव्हते, नवी लावून घेत होते, आणि तीही रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला बांधून. शाळेतून आल्यावर हातपाय धुतले की डब्यातला लाडू, असं.

आजीचं स्वयंपाकघर परत आणावं का

परंपरेकडे वळा म्हणणाऱ्यांची बाजू कोकणात भक्कम आहे. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, कुळथात २० टक्क्यांच्या वर प्रथिनं, आठळी पोट भरणारी, कोकम दारातलं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं आणि नाचणीला पुन्हा मान आला. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ तर कितीतरी आधीपासून तिच्या जातींवर काम करतं आहे.

आहारतज्ज्ञ याला दोन पुरवण्या जोडतात. पहिली, घरचं म्हणजे आपोआप समतोल नव्हे. पोषण संस्थेची मार्गदर्शिका म्हणते, धान्यांतून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. आपलं भात-आमटीचं ताट, त्यात आमटी पातळ आणि भात डोंगराएवढा, या मर्यादेत बसत नाही. दुसरी, बेगमीचे अनेक पदार्थही तळलेले आणि खारट आहेत. तळलेले गरे, मिरगुंड, पापड, लोणचं, सुकी मासळी यांत मीठ भरपूर असतं. पूर्वी अंगमेहनत होती आणि हे पदार्थ मोजके होते. आता गाडीवर बसून बाजारात जायचं आणि बारा महिने गऱ्यांची पिशवी फोडायची, तर वेफर्सपेक्षा ते फार वेगळं राहत नाही. परंपरेतलं रोजचं खाणं आणि सणासुदीचं खाणं वेगळं काढून पाहिलं, तर हा वाद बराचसा मिटतो, असं मला वाटतं. पेज, घावणे, उकडलेल्या शेंगा, दडपे पोहे हे रोजचे. खाजा आणि तळलेले गरे जत्रेचे.

सोपं कुणासाठी

आता सगळ्यात अवघड प्रश्न. घरी करा, असं प्रत्येक बाजू म्हणते. करायचं कुणी?

केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. कारण उघड आहे, पुरुष मुंबईला. म्हणजे भातलावणी, गुरं, बचतगटाची बैठक, म्हातारी माणसं आणि मुलांचा अभ्यास सगळं एकीच्या अंगावर. तिला संध्याकाळी नाचणीचे पौष्टिक वडे करायला सांगणं सोपं आहे. पाच रुपयांचा पुडा तिची वीस मिनिटं वाचवतो, आणि म्हणून तो घरात येतो. स्त्रीवादी अभ्यासकांचा हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. घरच्या खाण्याचा आग्रह धरताना बाईचा वेळ फुकट धरलेला असतो.

याला उत्तर म्हणून सोप्या पाककृतींची चळवळ जुनी आहे. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापं दिली आणि सासू-आई जवळ नसलेल्या मुलींनाही स्वयंपाक जमू लागला. आज ते काम ‘मधुराज रेसिपी’सारख्या वाहिन्या करतात. पण पाककृती सोपी असणं आणि ती त्या दिवशी होणं यांत फरक आहे.

घावण्याचं उदाहरण घ्या. आंबवणं नाही, वाटणं नाही. दोन वाट्या तांदळाचं पीठ, मीठ, आणि ताकाएवढं पातळ होईपर्यंत पाणी. बिड्याचा तवा चांगला तापू द्यायचा, अर्ध्या कांद्याने तेलाचं बोट फिरवायचं. पीठ तळाशी बसतं म्हणून दर वेळी ढवळून घ्यायचं आणि वाटीने कडेकडून आत ओतत यायचं. डोशासारखं पळीने फिरवलं तर जाळी मरते. झाकण ठेवायचं, कडा आपसूक सुटल्या की काढायचा. पहिला बहुधा चिकटतो, दुसऱ्यापासून तवा ऐकतो. पंधरा मिनिटांत चार-पाच माणसांचं होतं, नारळाच्या चटणीबरोबर किंवा गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर.

पण हे पंधरा मिनिटांत होतं ते घरात पीठ असेल तर. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, गिरणीतून दळून आणलेले असतील तर. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते ती कुळीथ भाजून-भरडून डब्यात असतील तर. झटपट पदार्थामागे कुणाचा तरी आधीचा अर्धा दिवस असतो. तेव्हा सोप्या स्वयंपाकाचा खरा प्रश्न संध्याकाळचा नाही, रविवारच्या तयारीचा आहे, आणि त्या तयारीत घरातल्या पुरुषाने आणि मुलांनी हात लावायचा की नाही, याचा आहे. गिरणीत जाणं, शेंगदाणे भाजून सोलणं, आठळ्या उकडणं, चुरमुरे-डाळं कालवणं याला पाककौशल्य लागत नाही. दहा वर्षांचं मूल कच्चे पोहे, खोबरं, गूळ स्वतः कालवू शकतं. ते शिकवलं तर पुडा फोडण्याएवढंच सोपं आहे.

एक वेगळा मार्गही काही डॉक्टर सुचवतात: रात्रीचं जेवणच लवकर घ्या. गावात पूर्वी साडेसात-आठला पानं मांडली जायची. जेवण मालिकांच्या मागे साडेनऊ-दहावर गेलं आणि मधली भूक लांबली. सात-साडेसातला पिठी-भात जेवलं तर चिवड्याची गरजच कमी होते. या वादातला सर्वांत स्वस्त उपाय हाच असावा, तरी त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

पोट भरणारे आणि पोट चालवणारे

टपरीवाल्याची बाजू या चर्चेत सहसा मांडली जात नाही. महामार्गावरची वड्याची गाडी म्हणजे एका कुटुंबाचा संसार असतो. त्याने पदार्थ सोडावा असं म्हणण्याआधी, तो चांगला कसा करता येईल ते पाहता येतं. तळणीच्या तेलातल्या अपायकारक घटकांना कायद्याने २५ टक्क्यांची मर्यादा आहे, कृत्रिम ट्रान्स फॅटला जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची. वर्तमानपत्राच्या कागदात खाणं बांधायला मनाई आहे, कारण शाई तेलात उतरते. या तीन गोष्टी पाळल्या गेल्या तरी रोजच्या गिऱ्हाइकाचं बरंच भलं होईल. उकडलेली अंडी, भाजलेलं कणीस, शेंगा, आंबोळी-चटणी हेही गाडीवर विकता येतं, आणि काही ठिकाणी विकलंही जातं.

दुसरीकडे बचतगट आहेत. फणसपोळी, कोकम सरबत, नाचणीचे लाडू, तळलेले गरे यांवर अनेकींची कमाई उभी आहे. झापडे परिसरात फणसाच्या लागवडीला जोर आल्यावर कच्चा माल घराजवळच मिळतो. बेगमीचं काम पगारी झालं, ही मोठी चांगली गोष्ट. पण त्यांनाही टिकवण्यासाठी साखर आणि विक्रीसाठी तळण जवळचं वाटतं. उद्या काळा इशारा आला, तर तो बहुराष्ट्रीय कंपनीच्या वेफर्सवर आणि भांबेडच्या गऱ्यांच्या पिशवीवर सारखाच लागेल का? छोट्या उत्पादकाला सूट द्यावी, असं एक मत आहे. मिठाला मालक कळत नाही, म्हणून सूट नको, असं दुसरं.

काय सुटलेलं नाही

माहितीतच एक मोठी फट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तळलेले पदार्थ किती वेळा खाता, असं विचारतात. त्यात घरची अळूवडी, टपरीची भजी आणि पुड्यातला कुरकुरा पदार्थ एकाच रकान्यात पडतात. अतिप्रक्रियेच्या मताने या तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रकाने वेगळे होत नाहीत तोवर कोकणात नेमकं काय वाढलं, यावर दोन्ही बाजू आपापला अर्थ काढत राहतील.

शालेय पोषण आहाराचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा निकष आहे. जून २०२४ मध्ये राज्याने त्यात १५ पाककृती दिल्या: मुगाची खिचडी, चवळीची खिचडी, मटकीची उसळ, अंडा पुलाव, नाचणी सत्त्व वगैरे. जानेवारी २०२५च्या निर्णयाने अंडी आणि साखर यांचा खर्च लोकसहभागातून करायचं ठरलं. दुपारी पोटभर उसळ आणि अंडं मिळालेल्या मुलाला चारला किती भूक लागते आणि तो स्टँडवर काय घेतो, हे तपासून पाहणं अवघड नाही. लांज्यासारख्या एका तालुक्यातल्या शाळांत, अंडं मिळणारी आणि न मिळणारी अशी दोन्हीकडची मुलं घेऊन, एका शैक्षणिक वर्षात ते करता येईल. बंदी, लेबल, कर आणि पाककृती यांच्यावर जेवढी शक्ती खर्च झाली, तिचा थोडा भाग दुपारच्या ताटाकडे वळवावा का, याचा विचार आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून करायचा आहे. सध्या पुड्याची फाइल एका खात्याकडे आणि ताटाची दुसऱ्याकडे आहे.